ढग कुठं ठेवायचा

अंबादास मास्तरांनी मला पहिल्यांदा झापलं ते ढगांवरून. मला नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. आमचा कारखाना टॉवेल आणि चादरींचा; सोलापुरात असे कारखाने शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाइकानं पाठवलेलं चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं, रंग कमी करायचे, डाग पुसायचे आणि मागाला कळेल असा चौकटींचा नकाशा तयार करायचा, हे माझं काम. त्या आठवड्यात एका जपानी गिऱ्हाइकाकडून चित्र आलं होतं. वरून बघितलेलं शहर होतं. उंच इमारती, उड्डाणपूल, इवल्या इवल्या मोटारी, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे. पण सगळ्या चित्रभर पिवळट सोनेरी ओघळ पसरले होते आणि त्यांनी अर्धं शहर गिळलं होतं. मला वाटलं, कुणीतरी चहा सांडला. मी दोन दिवस खपून ते डाग साफ केले आणि खालच्या अर्ध्यामुर्ध्या इमारती स्वतःच्या अकलेनं पूर्ण करून टाकल्या. वर शाबासकीची वाट बघत बसले.

मास्तर मागे येऊन उभे राहिल्याचं मला कळलंच नाही.

"हितलं पुसलं कुणी?"

"मी. स्कॅन फार खराब होतं, मास्तर."

"ते डाग न्हवतं, अम्मा. ढग हायत."

मी पडद्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "ढग असे असतात?"

"जपानात असतेत," ते म्हणाले. "आणि ते चुकून पडलेले न्हाईत. ठेवलेले हायत. लोकांच्या घरावरचं पांघरूण काढलंस की तू."

एवढं बोलून ते आपल्या कोपऱ्यात जाऊन बसले. मी चरफडत दोन दिवसांचं काम उलटं करायला घेतलं. मला तेव्हा कुणी चूक दाखवली की फार राग यायचा. आताही येतो, पण आता मी तो गिळते.

मास्तर तेलुगू विणकरांच्या घरातले. कॉम्प्युटर यायच्या आधी चादरीवरचा प्रत्येक मोर आणि प्रत्येक कमळ त्यांनी ग्राफच्या कागदावर पेन्सिलीनं चौकट-चौकट भरून काढलेलं. एक चौकट म्हणजे एक धागा. एक चौकट चुकली की मोराचा डोळा फुटायचा. कॉम्प्युटर आल्यावर त्यांना करायला काही उरलं नाही, पण मालकांच्या वडिलांपासूनचा माणूस, म्हणून मालकांनी ठेवून घेतलेला. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, उजव्या कानावर पेन्सिल. माझ्या मागे येऊन उभे राहायचे. नक्षी बरी असली तर एकदा "हं" म्हणायचे, बिघडलेली असली तर दोनदा. कारखान्यातल्या सगळ्या बायकांना, मालकिणीपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत, ते "अम्मा"च म्हणायचे. मी त्यांच्या नातीच्या वयाची, पण मलाही तेच.

त्यांचं जपान म्हणजे कॅलेंडरं. परदेशी माग विकणारे एजंट दर वर्षी कारखान्यात कॅलेंडर द्यायचे, मालक ते वर्ष संपल्यावर रद्दीत टाकायचे आणि मास्तर रद्दीतून उचलायचे. अशी कितीतरी वर्षांची कॅलेंडरं त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत होती. प्रत्येक पानावर एक जपानी चित्र, काही जुनी, काही आताच्या चित्रकारांची. खाली इंग्रजीत बारीक माहिती असे. ती मास्तर ज्याला त्याला पकडून वाचून घ्यायचे. मी आले आणि बाकीचे सुटले.

जुन्या जपानी चित्रकारांना अख्खं शहर खोलीत आडोशाला उभ्या करायच्या एका घडीच्या पडद्यावर बसवायचं असे, हे मला त्यांनी जेवणाच्या सुट्टीत शिकवलं. मग ते काय करायचे? घरांची छपरं उडवून द्यायचे. म्हणजे आत कोण जेवतंय, कोण भांडतंय ते वरून दिसतं. आणि एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायचं तर मध्ये ढग टाकायचे. मधलं सगळं कशाला काढत बसा? लांबलचक गुंडाळीच्या चित्रात दोन प्रसंगांच्या मध्ये धुक्याचा पट्टा असतो; पट्टा ओलांडला की वर्ष उलटलेलं असतं. ढगाची गोल गोल किनार शिंपल्याच्या पांढऱ्या भुकटीनं उठवायची आणि वर सोन्याचा वर्ख चढवायचा.

आणि आताचे चित्रकार तेच ढग पुन्हा वापरतात, याचं मास्तरांना भारी कौतुक. एका पानावर हल्लीच्या कुण्या बाईंनी विमानतळ काढला होता. विमानं, सामानाच्या गाड्या, रांगेतली माणसं, आणि वर तोच सोनेरी ढग. दुसऱ्या एकानं कारखान्याच्या चिमणीचा धूर नेमका त्याच जुन्या किनारीनं काढला होता. तो शुभ ढग की काळा धूर, हे बघणाऱ्यानं ठरवायचं. "आपल्या गिरणीची चिमणी बघ की," मास्तर म्हणायचे आणि पानावर बोट ठेवायचे. तिसऱ्यानं तर ढग रंगवलाच नव्हता. सगळं शहर रंगवून ढगाच्या जागी कागद कोरा सोडला होता. या तिसऱ्यानं मास्तरांना आठवडाभर छळलं. हा माणूस आळशी की हुशार, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी एका सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "हुशार हाय. लई हुशार हाय. ढग काढायला कुणालाबी येतंय, अम्मा. ठेवायचा कुठं ते कळायला पाहिजे."

गंमत अशी, की या माणसानं खऱ्या ढगाकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. "आपल्या आभाळात हाय काय बघण्यासारखं? ऊन," म्हणायचे. त्यांचे सगळे ढग कॅलेंडरातले. जुन्या चादरींवर मोराच्या मागे त्यांनी ते घुसडले होते आणि गिऱ्हाइकं विचारायची, ही फुलकोबी कशाला?

एकदा त्यांनी मला एक पान दाखवलं. त्यात बुद्ध ढगावर बसून डोंगराच्या उतारावरून खाली येत होता, मरणाऱ्या माणसाला न्यायला. आमचं घर बौद्ध, हे मास्तरांना माहीत होतं.

"अम्मा, तुमचा बुद्ध ढगावर कसा काय?"

"आमचा बुद्ध पायी चालायचा, मास्तर. आमच्यात ढगबिग नाही."

त्यांनी जरा विचार केला. "मग जपानला जाताना बसला असंल. लांब हाय."

हे मी घरी होटगीला सांगितलं तेव्हा बाबा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले. बाबा रेल्वेत होते, निवृत्त झालेले. मास्तरांना ते तोपर्यंत भेटलेले नव्हते, पण त्या दिवसापासून रोज विचारायचे, "आज काय म्हणाला तुजा मास्तर?"

मी लागल्याला दोन वर्षं होत आली आणि मास्तरांच्या बायकोला झटका आला. राजमणी अक्का. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. दोन शब्द तेवढे उरले. एक "एमंडी", म्हणजे अहो. दुसरा "वद्दु", म्हणजे नको. आयुष्यभर विड्या वळलेली बाई. डाव्या हाताची बोटं चादरीची कड सतत वळत असायची. मास्तरांनी कारखाना सोडला. मुलगी वरंगलला दिलेली. ती यायची, आठ-पंधरा दिवस राहायची, पण तिच्या हातून अक्का घास घ्यायच्या नाहीत. मग ती रडायची आणि जायची.

अक्कांच्या खाटेजवळ स्टुलावर एक स्टीलचा ग्लास आणि चमचा असे. काही लागलं की त्या चमच्यानं ग्लास वाजवायच्या. पाणी लागलं की वाजवायच्या, कूस बदलायची असली की वाजवायच्या, आणि काहीच नको असलं तरी वाजवायच्या, फक्त मास्तर आहेत ना हे बघायला. मालक नक्षी तपासायला अजून मास्तरांकडेच पाठवत आणि ती नेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण भवानी पेठेतलं त्यांचं घर माझ्या परतीच्या वाटेवर. त्यामुळे मला तो चमचा पाठ आहे. मास्तर वाक्य अर्धं सोडून उठायचे, आत जायचे, परत येऊन वाक्य पुरं करायचे. कधी उरलेलं अर्धं विसरून जायचे.

घरापासून गल्लीच्या कोपऱ्यावर सिद्रामप्पांचं किराणा दुकान. तिथपर्यंत चमच्याचा आवाज जेमतेम पोहोचायचा. मास्तर दूध, साखर, पेन्सिली घ्यायला तिथपर्यंत जात, मान तिरकी करून. सिद्रामप्पांचा कान त्यांच्यापेक्षा तिखट. वजन करता करता ते मध्येच म्हणायचे, "मास्तर, वाजलं." की मास्तर हातातलं तिथंच टाकून घराकडे. कोपऱ्याच्या पलीकडे मास्तर पहिली चार वर्षं एकदाही गेले नाहीत. दाढी घरी, दवाखाना घरी, जावयाच्या बापाच्या मयताला फक्त फोन. त्यांच्या भावकीतली माणसं मला म्हणाली, काय प्रेम आहे बघा. मी मान हलवली. प्रेम होतंच. पण मी जे बघितलं होतं ते त्यांनी बघितलं नव्हतं.

एका दुपारी गेले तर मास्तर बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले. आतून थपथप असा आवाज येत होता. अक्का तळहातानं ग्लास बडवत होत्या. चमचा मास्तरांच्या शर्टाच्या खिशात होता.

"दहा मिनिटं, अम्मा," ते म्हणाले. "फकस्त दहा मिनिटं मला कुणी बोलवू नये."

थपथप चालूच होती. दहा मिनिटं काही झाली नाहीत, तीन-चार झाली असतील. मग मास्तर उठले, चमचा धुतला, पुसला आणि आत नेऊन अक्कांच्या हातात दिला. परत आले तेव्हा डोळे लाल होते. नक्षी उलटी धरून बघत होते आणि "हं" म्हणाले. मीही ती सुलटी करून दिली नाही. या माणसाला या घरातून एक दिवस तरी बाहेर काढायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं. मला कुणी विचारलं नव्हतं. पण माझा स्वभावच तसा, न विचारता ठरवण्याचा.

भाद्रपदात पेपरात एक बातमी आली. पुण्यात आजच्या जपानी चित्रकारांचं प्रदर्शन होतं, ढगांवरच, आणि सोबत एक जुना सोन्याच्या वर्खाचा घडीचा पडदा. आठ दिवस उघडं. मी पेपर घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांनी बातमी दोनदा वाचली, घडी घातली, पेटीत ठेवली आणि म्हणाले, "चांगलं हाय."

"चांगलं हाय नाही. जायचंय तुम्ही."

"वर्ख म्हणे हलतो," ते म्हणाले. "आपण हललो की चमक हलती. कॅलेंडरात न्हाई कळत ते. छापलेलं ते छापलेलं." मग आत अक्कांकडे बघितलं.

त्यांना आयुष्यात एकदा तो खरा वर्ख बघायचा होता. दुसरी कसलीही हाव मी त्यांच्यात बघितली नाही. मी म्हटलं, अक्कांजवळ मी बसते, दिवसभर रजा काढते. माझ्या हातून त्या घास घ्यायच्या. का, ते मला माहीत नाही. मी त्यांच्याबरोबर ग्लास वाजवत बसायचे म्हणून असेल. दोन दिवस मास्तर नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी अक्काच माझ्याकडे बघून "एमंडी" म्हणाल्या आणि डाव्या हातानं दाराकडे दाखवलं. जाऊ दे त्यांना. मग मास्तरांना नाही म्हणता येईना.

गाडी बाबांनी ठरवली. सकाळी निघायचं, दुपारी प्रदर्शन बघायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत, घरी पोहोचायला जेवणवेळ टळून जाणार. बाबा स्वतः स्टेशनावर गेले त्यांना बसवून द्यायला. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पिशवीत एक कॅलेंडरचं पान होतं, पडताळून बघायला.

पहिला फोन गाडी सुटल्या सुटल्या आला. "अम्मा, जरा चमचा वाजू दे." मी फोन ग्लासाजवळ धरला, अक्कांनी वाजवला, मास्तरांनी तिकडून "हं" केलं. पुढच्या स्टेशनावर तेच. त्याच्या पुढच्या स्टेशनावर तेच. कुर्डुवाडीला दोनदा. अक्कांना या खेळाची मजा येत होती, मला नाही. मग अक्का झोपल्या. रात्रभर जाग्या असाव्यात. आणि पुन्हा फोन वाजला.

"जेऊर आलं, अम्मा. वाजू दे की."

"झोपल्यात मास्तर. झोपलेल्या माणसाला उठवून वाजवायला लावू का आता?"

"न्हाई, न्हाई. उठवू नको. पण वाजत न्हाई म्हणजे..."

"म्हणजे झोपल्यात. दर स्टेशनला फोन करू नका. चित्रं बघायला चाललाय ना? मग बघा."

मी फोन बंद केला. नंतर त्यांचा फोन आला नाही आणि मला बरं वाटलं. आता ते तिथं पोहोचले असतील, आता पडद्यासमोर उभे असतील, असं मी अक्कांना दिवसभर सांगत राहिले.

मास्तर दिवेलागणीलाच परत आले. मी विचारलं, इतक्या लवकर? तर म्हणाले, गाडी चांगली मिळाली. हातपाय धुतले, अक्कांच्या खाटेवर बसले आणि तेलुगूत सांगायला लागले. मला सगळं कळत नव्हतं, पण हात दिसत होते. भिंतीएवढा पडदा. सहा घड्या. डावीकडून उजवीकडे चालत गेलं की सोनं सोबत चालतं. अक्कांच्या तोंडाची एक बाजू हसत होती. मी डोळे पुसत घरी आले. आपण जन्मात एक तरी धड काम केलं, असं वाटलं.

बाबांना सांगितलं तर त्यांनी ताट बाजूला सारलं. "दिवेलागणीला आलं? कुटल्या गाडीनं?"

"चांगली मिळाली म्हणाले."

"चांगली म्हंजे? पुन्यास्नं त्या टायमाला हितं पोचनारी गाडी न्हाय पोरी. मी तीस वर्सं काय ग्वाट्या खेळलो व्हय? त्यो मानूस पुन्याला गेलेला न्हाय."

मी बाबांशी भांडले. वेळापत्रक बदललं असेल म्हटलं. रेल्वेच्या माणसाला त्याच्या गाड्यांबद्दल खोटं पाडता येत नाही, हे मलाही माहीत होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी अक्का ग्लास वाजवायच्या, मास्तर जवळ बसायचे आणि त्या "एमंडी" म्हणून भिंतीकडे बोट करायच्या. म्हणजे पुढचं चित्र सांगा. आणि मास्तर सांगायचे. एका चित्रकारानं बोगद्यातून निघणारा ढग काढलाय. एकानं इस्पितळ काढलंय, छप्पर नसलेलं, प्रत्येक खाटेवर एक छोटा ढग. पंधरा दिवस झाले, महिना झाला, चित्रं संपेनात. पुण्यातलं ते प्रदर्शन तरी केवढं मोठं असावं. मी ऐकत बसायचे आणि मला कधी हसू यायचं, कधी भीती वाटायची. पूर्वी चमचा त्यांना पाण्यासाठी बोलवायचा, आता चित्रासाठीही बोलवू लागला.

थंडीत मास्तरांनी पुन्हा ग्राफचा कागद काढला. चार तुकडे चिकटवून लांब केलेला. मालकांसाठी नाही, कुणासाठीच नाही. मी नक्षी द्यायला गेले की थोडा थोडा भरलेला दिसायचा. उजवीकडे सोलापूर. गल्ल्या, कारखाने, गिरणीची चिमणी. भवानी पेठेतल्या एका घराचं छप्पर काढून टाकलेलं आणि आत खाट, स्टूल, ग्लास. ग्लासाची प्रत्येक चौकट भरलेली. मग रुळांची ओळ डावीकडे. एकेक स्टेशन. कुर्डुवाडी. मग जेऊर. फलाट, एक बाक, बाकावर एक पांढरा ठिपका. आणि जेऊरच्या पुढं, कागदाच्या डाव्या कडेपर्यंत, नुसते ढग. गोल गोल जपानी किनारीचे, एकावर एक. पुणं नावाला नव्हतं.

मी जेऊरवर बोट ठेवलं. "इथून पुढं सगळे ढगच, मास्तर?"

त्यांनी आत बघितलं. अक्का झोपल्या होत्या. "न बघितलेलं काढू नये, अम्मा."

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. माझा फोन बंद झाला तेव्हा ते गाडीच्या दारात उभे होते. अम्मा खोटं बोलणार नाही, हे त्यांना माहीत होतं. पण कानात काही वाजत नव्हतं. "लई शांत झालं एकदम. मला वाटलं, गेली." ते उतरले. गाडी पुढं गेली. परतीची गाडी यायला दुपार कलली. तोवर बाकावर बसून होते, आणि करायला काही नव्हतं म्हणून पहिल्यांदा मान वर करून बघितलं. भाद्रपदातले ढग, न पडता पुढं जाणारे.

"कसे होते?" मी विचारलं.

"काय सांगू. एकाचीबी किनार धड न्हवती."

मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. मी त्या दिवशी तुम्हाला तोडून बोलले. "तू न्हाई, अम्मा. गाडी दोन मिनिटं थांबली हुती. मला परत चढता आलं असतं." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "न्हाई चढलो."

त्यांना मी पुण्याला पाठवायला निघाले होते आणि ते दोन मिनिटं दाराशी उभे राहून चढू शकले नव्हते. हे मला बाबांच्या वेळापत्रकापेक्षा जास्त लागलं. मास्तरांना फक्त भिंती आणि खाट अडवत होती असं मी धरून चालले होते.

पुढच्या खेपेला मास्तर दुकानात गेलेले असताना मी अक्कांजवळ बसले. त्यांना हे सांगावं, असं मला वाटत होतं. खोट्यातून मास्तर सुटतील, रोजचं चित्र सुटेल. मी म्हणाले, "अक्का, मास्तर पुण्याला..."

अक्कांनी डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. बोटांना औषधाचा वास होता. "वद्दु," त्या म्हणाल्या. मग हात काढून पुन्हा म्हणाल्या, "वद्दु." त्यांना सगळं ठाऊक होतं. आधीपासून की मागून कळलं, ते देव जाणे. त्यांनी मला मान हलवायला लावली आणि मगच चमचा उचलून ग्लास वाजवला. कोपऱ्यावरून सिद्रामप्पांचा आवाज आला, "मास्तर, वाजलं."

चैत्रात अक्का गेल्या. झोपेतच. मी तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा वरंगलची मुलगी होती, माणसं होती. मास्तर जमिनीवर बसलेले, मला बघून म्हणाले, "कडक ऊन हुतं, अम्मा. एक ढग न्हवता." मला त्यांचं ते बुद्धाचं पान आठवलं. बाबा माझ्यासोबत आले होते. ते मास्तरांशेजारी बसले आणि बराच वेळ त्यांचा हात धरून राहिले.

मुलीनं वरंगलला चला म्हणून फार आग्रह केला. मास्तर येतो येतो म्हणाले आणि गेले नाहीत. माझा स्वभाव काही बदललेला नव्हता. मुंबईतल्या एका संग्रहालयात जुना जपानी वर्खाचा पडदा कायमचा ठेवलेला आहे, हे मी शोधून काढलं. दोन तिकिटं काढली, माझं आणि त्यांचं. मास्तरांना सांगितलं तर चटकन म्हणाले, "जाऊया की." मला आश्चर्य वाटलं. आता कोण होतं अडवायला?

ठरलेल्या दिवशी गेले तर ते तयार होऊन बसलेले. इस्त्रीचा शर्ट, तीच पिशवी, पिशवीत तेच पान. आत खाट उचलून उभी केलेली होती, पण स्टूल तिथंच होतं आणि त्यावर ग्लास, ग्लासात चमचा. मास्तरांनी दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. गल्ली खोदलेली होती, म्हणून रिक्षा कोपऱ्याच्या पलीकडे उभी केली होती. आम्ही चालायला लागलो. मास्तर बोलत होते. पडदा सहा घड्यांचा आहे की आठ, काचेत ठेवलाय का, काचेत असला तर चमक हलते का.

सिद्रामप्पांच्या दुकानापाशी ते थांबले.

मी चार पावलं पुढं जाऊन मागे बघितलं. मास्तर मान तिरकी करून उभे होते. पुढंही येईनात, मागंही जाईनात. रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. मी म्हणाले, "चला मास्तर, गाडी चुकेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. ते नुसते ऐकत होते. सिद्रामप्पांनी हातातलं माप खाली ठेवलं. दुकानातली गिऱ्हाइकंही गप्प झाली. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

मग सिद्रामप्पा हळूच म्हणाले, "मास्तर, वाजलं."

मास्तर वळले. एवढा वेळ रुतून बसलेले पाय एकदम मोकळे झाल्यासारखे चालायला लागले, भराभर, चार वर्षं चालत होते तसे. पिशवी हातात हलत होती. मी सिद्रामप्पांवर चिडले. म्हटलं, हे काय केलंत तुम्ही? आज ते जात होते.

"मग काय करू, ताई?" सिद्रामप्पा म्हणाले. "उभारलं हुतं की ते तसंच."

मी पुन्हा गल्लीकडे बघितलं. मास्तर दारापाशी पोहोचले होते आणि घाईघाईनं खिशात किल्ली शोधत होते.